जागेची भूल, गॅस की गुंगीची गोळी?

दाढ ठणकत असूनही डेंटिस्टकडे जाणं पुढे ढकलताय आणि त्यामागे निव्वळ भीती आहे, तर निवडीआधी एक गोष्ट लक्षात घ्या. गॅस आणि गोळी मुख्यतः भीती उतरवतात. दुखू न देण्याचं काम जागेच्या भुलीचंच, म्हणजे इंजेक्शनने तेवढीच जागा बधिर करण्याचं. गॅस घेतला म्हणून सुई टळत नाही.

मग नुसत्या जागेच्या भुलीवर भागेल का? माझ्या मते बहुतेकांचं भागतं, फक्त ती नीट दिलेली हवी. आधी हिरडीवर बधिर करणारं जेल लावून एक-दोन मिनिटं थांबलं आणि इंजेक्शन सावकाश दिलं, तर टोचणं फारसं जाणवत नाही. लिडोकेन या भुलीच्या औषधासोबत बहुधा अ‍ॅड्रेनॅलिन असतं. त्यामुळे कधीकधी थोडा वेळ छाती धडधडते, आणि हे ठाऊक नसलेला माणूस आणखी घाबरतो. दात साधारण तासभर बधिर राहतो, ओठ आणि गाल मात्र ३ ते ५ तास जड असतात. तोवर जेवू नका, गाल चावला जातो. दाढेत पू झाला असेल तर तिथे आम्लता वाढते आणि भूल कमी चढते. 'मला भूल लागतच नाही' म्हणणाऱ्या काहींची खरी अडचण उशिरा येण्यात असते.

गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड. १८४४ साली अमेरिकेतले दंतवैद्य होरेस वेल्स यांनी तो घेऊन स्वतःचाच दात काढून घेतला होता. आता तो ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या मास्कमधून देतात. काही मिनिटांत अंग सैल पडतं, प्रमाण कमी-जास्त करता येतं आणि शेवटी थोडा वेळ शुद्ध ऑक्सिजन दिला की असर ओसरतो. घशाशी काही आलं की उमळणाऱ्यांना याचा चांगला उपयोग होतो. नाक चोंदलेलं असेल, गरोदरपणाचे पहिले महिने असतील किंवा बी१२ कमी असेल, तर नको. मास्कनेच जीव घुसमटणाऱ्यांनाही नाही.

गोळी सोपी वाटते, पण मी ती गॅसच्या खालीच ठेवीन. तासभर आधी घ्यायची; एकदा गिळली की प्रमाण हातात राहत नाही. तेवढ्याच गोळीने एक जण पेंगतो, दुसरा टक्क जागा. सोबत माणूस लागतो, त्या दिवशी गाडी आणि दारू दोन्ही बंद. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर आधी सांगायलाच हवं. घरात कुणाची तरी उरलेली झोपेची गोळी घेऊन जाणं हा तर शुद्ध वेडेपणा.

शिरेतून दिलेली गुंगी नेमकी असते, बरंचसं आठवतही नाही. मात्र त्यासाठी प्रशिक्षित माणूस आणि रक्तातल्या ऑक्सिजनवर सतत लक्ष हवं. हाडात अडकलेल्या अक्कलदाढेसारख्या कामाला ती शोभते, साध्या फिलिंगला नाही.

भीती नेमकी कशाची, हेही बघा. सुईची असेल तर जेल मागा. सूत्रं आपल्या हाती नसण्याची असेल तर गुंगी उलट जाचेल. 'हात वर केला की थांबायचं' हे आधीच ठरवून घ्या. शिवाय गुंगीत काम उरकलं तरी पुढच्या वेळची भीती बहुधा तशीच राहते. घाई नसेल तर पहिली भेट नुसती तपासणी आणि सफाईपुरतीच मागा.