एमआरआयचा थ्रीडी फ्लेअर बरेच महिने वापरून: इमेज झकास, पण तो कान!

फ्लेअर म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी काळं करून डाग पांढरे दाखवणारा एमआरआय सिक्वेन्स. थ्रीडीत स्लॅब, म्हणजे मेंदूचा अख्खा ठोकळा, एकदाच घ्यायचा आणि मग हव्या त्या प्लेनमध्ये कापायचा, हे सगळ्यांना माहितीये, त्यामुळे बेसिक सांगत बसत नाही. १ मिमी आयसोट्रॉपिक (तिन्ही दिशांना सारखं), सॅजिटल (डावीकडून उजवीकडे स्लाइस), रोज चालतंय. टूडीत, म्हणजे एकेक स्लाइस घेताना, सीएसएफच्या (मेंदूभोवतीच्या पाण्याच्या) फ्लोमुळे ब्रेनस्टेमजवळ जे खोटं पांढरं दिसायचं ते जवळपास गेलंच. एमएससाठी (मल्टिपल स्क्लेरोसिस) २०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही थ्रीडी फ्लेअरलाच पसंती आहे, आणि रोजचं काम बघता ते पटतं.

पण कान! थ्रीडीत स्लाइसच्या दिशेलाही फेज एन्कोडिंग असतं, म्हणजे जागा सिग्नलच्या फेजवरून ठरते आणि स्लॅबबाहेरचं दुसऱ्या टोकाला दुमडून येतं, त्यामुळे स्लॅब मेंदूपुरता घट्ट बसवला की बाहेर राहिलेला डावा कान थेट उजव्या टेम्पोरल लोबवर येऊन बसतो. चांगली पाळीसकट चकचकीत आकृती. कंपनीच्या माणसाला दाखवलं तर म्हणे पोझिशनिंग नीट करा. अरे, कान डोक्याच्या बाहेरच असणार ना! शेवटी प्रोटोकॉल उघडून बघितला तर स्लाइस ओव्हरसॅम्पलिंग (स्लॅबबाहेरच्याही थोड्या स्लाइस घेऊन टाकून देणं) शून्य. डेमोत वेळ कमी दिसावी म्हणून ठेवलेलं, दुसरं काय. वर इंटरपोलेशन (मधले पिक्सेल गणिताने भरणं) चालू, म्हणजे स्क्रीनवर अर्धा मिमी दिसतो पण घेतलेला डेटा १ मिमीचाच.

ओव्हरसॅम्पलिंग २० टक्के केलं, वेळही तेवढीच वाढली, आणि एक एक मिनिट मोजणारा माणूस मी, जाम चिडलो. मग एलिप्टिकल स्कॅनिंग चालू केलं. के-स्पेसचे (इमेज बनण्याआधीच्या कच्च्या डेटाचे) कोपरे सोडले की साधारण २१ टक्के लाइन्स वाचतात, म्हणजे १.२ गुणिले ०.७९, आधीपेक्षा वेळ थोडी कमीच. कोपऱ्यांबरोबर शार्पनेस किंचित जातो, पण मला तरी रिपोर्टिंगमध्ये फरक जाणवला नाही. त्यानंतर माझं मत बरंच निवळलं, कंपनीबद्दल नाही, सिक्वेन्सबद्दल.

आता सगळ्यांना ०.८ मिमी हवंय. व्हॉक्सेलचं (इमेजच्या एका छोट्या घनाचं) व्हॉल्यूम १ मिमीच्या ०.५१ पट होतं, सिग्नल निम्मा, आणि तो अ‍ॅव्हरेजिंगने (तेच परत परत घेऊन सरासरी काढून) भरून काढायचा तर वेळ जवळपास चौपट. एवढा वेळ कोण स्थिर पडणार? टूडीत पेशंट खोकला तर काही स्लाइस जातात, इथे अख्खा स्लॅब डागाळतो. हलणाऱ्या पेशंटला मी सरळ टूडीच लावतो, आणि गुडघ्याच्या कार्टिलेजलाही, कारण थ्रीडी सिक्वेन्समधल्या लांब इको ट्रेनचं (एका पल्सनंतर ओळीने घेतलेल्या बऱ्याच सिग्नल्सचं) ब्लरिंग तिथे मला अजून खटकतं.