चकमकीचे पिस्तूल: प्रतिकृतींच्या संग्रहातील पहिली वस्तू

ब्रिटनमध्ये राहून बंदुकांच्या प्रतिकृती जमवायच्या असे ठरवले की पैशांच्या आधी सालाचा प्रश्न उभा राहतो, आणि ते साल म्हणजे 1870. येथील 2006 च्या कायद्याने हुबेहूब दिसणाऱ्या नकली बंदुका बनवणे, आयात करणे आणि विकणे यांना मनाई केली आणि ती 1 ऑक्टोबर 2007 पासून अमलात आली. मात्र ज्या बंदुकीची घडण व यंत्रणा 1870 च्या आधीच्या धर्तीची आहे, तिला हा कायदा आधुनिक बंदूक समजत नाही. त्यामुळे लुगर पी 08 या विसाव्या शतकातल्या जर्मन पिस्तुलाची प्रतिकृती हौशी ग्राहकाने मागितली तर ती नारिंगी किंवा निळ्यासारख्या भडक रंगातच मिळते (संग्रहालये, नाटक-चित्रपट आणि ऐतिहासिक प्रसंगांचे सादरीकरण करणारी मंडळे यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे), परंतु अठराव्या शतकातील चकमकीचे, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार काढणारे, पिस्तूल मूळ रंगरूपात घरी आणता येते. नारिंगी लुगर मांडण्यात मला काही गोडी वाटली नाही, म्हणून डेनिक्स या स्पॅनिश कंपनीचे इंग्रजी धाटणीचे चकमकीचे पिस्तूल घेऊन मी संग्रहाला सुरुवात केली. दोन वर्षे ते हाताळल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

डेनिक्स ही मेनोर्का बेटावरची कंपनी असून ती केवळ न उडणाऱ्या प्रतिकृती बनवते. नळी आणि कळीचे (बार काढणाऱ्या यंत्रणेचे) भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, दस्ता लाकडी असतो, आणि घोडा चढवणे, चाप ओढणे या क्रिया मूळ शस्त्राप्रमाणे करता येतात. माझ्या दृष्टीने या वस्तूचे सगळे मोल या शेवटच्या गोष्टीत आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात लहानपणी काचेआडची जुनी शस्त्रे पाहताना ती चालत कशी असतील हे मला कधीच उमगले नव्हते. ते या पिस्तुलाने पाच मिनिटांत समजावले.

घोड्याच्या दोन ओठांमध्ये चामड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली गारगोटी आवळलेली असते. तिच्यासमोर पोलादाची उभी पट्टी येते आणि या पट्टीचाच खालचा आडवा भाग रंजकाच्या (पेटवणीच्या दारूच्या) वाटीवर झाकण होऊन बसतो. चाप ओढताच घोडा पुढे झेपावतो, गारगोटी पट्टीवर घासते, ठिणग्या पडतात आणि त्याच धक्क्याने पट्टी पुढे उलटून वाटी उघडी पडते. वाटीतले रंजक पेटते आणि नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक छिद्रातून, आत गेलेली आग मुख्य दारूपर्यंत पोहोचते. ठिणगी पाडणारी वस्तूच झाकणही उघडते, ही त्या कारागिरांची सूझ मला आजही थक्क करते. प्रतिकृतीत पट्टी पोलादाची नसल्याने ठिणगी पडत नाही आणि नळी बंद असते, पण घोड्याची झेप, पट्टीचे उलटणे आणि वाटीचे उघडणे हा सारा क्रम अंगठ्याखाली अनुभवता येतो. मूळ शस्त्रात घोडा अर्ध्यावर चढवून ठेवण्याची सोय असे, आणि अशा स्थितीत चाप ओढला तरी तो सुटत नसे. शिपाई याच स्थितीत वाटीत रंजक भरत. म्हणून कोणतीही प्रतिकृती घेण्यापूर्वी तिचा घोडा किती ठिकाणी थांबतो हे विक्रेत्याला जरूर विचारावे.

हा प्रश्न न विचारल्याचा फटका मला दुसऱ्या खरेदीत बसला. एका विक्रेत्याकडून, बनावटीचे नाव नसलेले, आरमारी धाटणीचे पिस्तूल मी केवळ छायाचित्र पाहून मागवले. वर्णनात यंत्रणा चालती असल्याचे लिहिले होते. खोक्यातून बाहेर काढले तेव्हा कळीच्या पट्टीवर साच्याच्या दोन अर्ध्या भागांची शिवण स्पष्ट दिसत होती, ठिणगीची उभी पट्टी वाटीला जोडूनच ओतलेली असल्यामुळे ती उलटण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तिसऱ्यांदा घोडा चढवला तेव्हा त्याच्या वरच्या ओठाचा स्क्रू निघून हातात आला. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर निम्मे पैसे परत मिळाले, परंतु ते पिस्तूल मी संग्रहात धरत नाही. तेव्हापासून विकत घेण्याआधी मी तीन छायाचित्रे मागतो: घोडा पूर्ण चढवलेला असतानाचे, वाटी उघडी असतानाचे आणि दस्त्यात कळी जिथे बसवली आहे त्या कडेचे. लाकूड आणि धातू यांच्यामध्ये नखभर फट दिसली तर मी पुढे जात नाही.

प्रतिकृती मुळाबरहुकूम आहे की नाही हे ठरवायचे तर मूळ वस्तू डोळ्यांखालून जायला हवी, आणि त्यासाठी लीड्सच्या रॉयल आर्मरीजसारखी जागा नाही. 1996 मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे, त्यामुळे एका भेटीत सगळे पाहण्याची घाई करण्याचे कारण नाही. भारतातून आलेले हत्तीचे चिलखत पाहायला बहुतेक लोक जातात आणि ते पाहावेच, परंतु प्रतिकृती जमवणाऱ्याने बंदुकांच्या कपाटांपुढे वेळ काढावा. माझ्या पिस्तुलाच्या धातूला दिलेली जुनाट, काळपट छटा आणि खऱ्या पोलादाची घासून आलेली राखाडी चमक यांतला फरक मला तिथेच प्रथम नीट दिसला, आणि प्रतिकृती या बाबतीत मुळाच्या जवळ जाऊ शकत नाही हे मान्य करावे लागले.

मराठी संग्राहकाचा जीव खरा अडकतो तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लांब बंदुकीत. 'इंडिया पॅटर्न' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बंदुकीची नळी 39 इंच लांब आणि 0.75 इंच व्यासाची होती. ती आधी कंपनीने आपल्या फौजांसाठी करून घेतली आणि नंतर, 1790 च्या दशकात, ब्रिटिश सरकारने स्वीकारली. 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या सैन्यापुढे शिंद्यांची जी कवायती पलटणे उभी होती, त्यांच्याही हाती चकमकीच्याच बंदुका होत्या. दोन्ही बाजूंची यंत्रणा एकच होती. 'असईची बंदूक' म्हणून कोणी प्रतिकृती देऊ केली तर कळीवरची मुद्रा तपासावी. कंपनीच्या जुन्या कळ्यांवर हृदयाच्या आकाराची आणि वर 4 च्या आकड्यासारखे चिन्ह असलेली खूण असे. मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह 1808 पासून आला. 1803 च्या बंदुकीवर सिंह कोरलेला असेल, तर ती प्रतिकृती अभ्यास न करता बनवलेली आहे.

निगा फार नाही. वर्षातून दोनदा दस्त्याला मेण आणि धातूला कोरडे मऊ फडके पुरेसे होते. चकाकी आणणारी पेस्ट लावली तर वरची छटा निघून जस्ताचा पांढुरका रंग उघडा पडतो. मिश्रधातू पोलादापेक्षा ठिसूळ असतो, म्हणून पाहुण्यांना दाखवताना घोडा पुन्हा पुन्हा आपटू देऊ नये. ही वस्तू घेण्यासाठी वय 18 पूर्ण लागते, आणि सबळ कारणाशिवाय नकली बंदूक सार्वजनिक ठिकाणी बाळगणे हा येथे गुन्हा आहे. मित्राला दाखवायला ती पिशवीत टाकून बसने नेण्याचा विचारही करू नये. मित्राला घरी चहाला बोलवावे. सुट्टीत भारतात येताना ती विमानाच्या सामानात घालण्याच्या फंदातही पडू नये.

पहिली प्रतिकृती म्हणून डेनिक्सच्या चकमकीच्या पिस्तुलाची मी निःसंकोच शिफारस करतो, कारण मूळ पिस्तुलाच्या किमतीच्या लहानशा अंशात ते त्याची चाल हातात देते. माझ्या भिंतीवर त्याच्या खाली लांब बंदुकीसाठी दोन खुंट्या मारून ठेवल्या आहेत. हृदयाची खूण असलेली प्रतिकृती मिळेपर्यंत त्या रिकाम्याच राहतील.