आरएक्स-७ घ्यावी की एमएक्स-५?

माझदाच्या या दोन जुन्या स्पोर्ट्स कारांत अडकला असाल, तर आधी इंजिन बघा. १९९१ च्या आरएक्स-७ मध्ये दोन रोटर (पिस्टनऐवजी फिरणारे त्रिकोणी भाग), दोन टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारे पंखे), २५५ अश्वशक्ती. पाठ सीटला चिकटते! पण असं रोटरचं, म्हणजे रोटरी इंजिन मुळातच थोडं ऑइल जाळतं, पेट्रोल भरपूर पितं, आणि रोटरच्या टोकांची सीलं झिजली की अख्खं इंजिन उघडावं लागतं. कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आतली हवा किती जोरात दाबतं ते, तपासल्याशिवाय घेऊच नका.

१९८९ ची एमएक्स-५ साधी: १.६ लिटर, चार सिलिंडर, वजन टनाच्या आत. तिचा शत्रू गंज. दारांखालचा पत्रा नीट तपासा. किंमत बरीच कमी. वळणावर मला तर हीच जास्त आवडते.

वारंवार चालवायची, घरीच दुरुस्त करायची, तर एमएक्स-५. रोटरी जाणणारा मेकॅनिक आणि राखीव पैसा हाताशी असेल, तरच आरएक्स-७.