पांढऱ्या फुलांची झाडं हवीत? मग मामांच्या नर्सरीत मागच्या बाजूला जा

सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला जी बोर्ड नसलेली नर्सरी आहे तिचा हा रिव्ह्यू. बोर्ड कधीतरी वळवाच्या वाऱ्यात पडला तो मालकांनी परत लावलाच नाही, त्यामुळं सगळे मामांची नर्सरी म्हणतात, मी पण तेच म्हणते. पाचपैकी साडेतीन. खरं म्हणजे मागच्या भागाला पाच आणि पुढच्या भागाला दोन, त्याची सरासरी काढून हे साडेतीन आलेत.

पांढरीच फुलं कशाला असं आमच्या शेजारच्या काकू पण विचारतात. अहो सोलापुरात बाग ही दिवस मावळल्यावर वापरायची गोष्ट आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर, दुपारी दार उघडवत नाही, तेव्हा लाल-पिवळी फुलं बघणार कोण? आपण अंगणात खुर्च्या टाकतो ते अंधार पडल्यावर, आणि अंधारात दिसतं ते पांढरंच. शिवाय यातली बरीच फुलं उमलतातच संध्याकाळी आणि वासही तेव्हाच सोडतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे रात्री फिरणारे लांब सोंडेचे पतंग. बुचाच्या फुलाची ती लांबलचक नळी त्यांच्याच सोंडेसाठी. चाफा तर या पतंगांना चक्क फसवतो, वास भरपूर पण आत मध नाहीच, बिचारे या फुलावरून त्या फुलावर रिकाम्या पोटी फिरत राहतात आणि चाफ्याचं काम होऊन जातं.

आता नर्सरी. गेटातून आत गेलं की पुढच्या रांगेत सगळा दिखाऊ माल. पहिला नंबर कवठी चाफ्याचा, मोठ्या बॅगेत, एखादी टपोरी कळी दाखवत उभा, किंमत बाराशे. झाड सुंदरच आहे, वाद नाही, पण ते मूळचं अमेरिकेच्या आग्नेय भागातलं, त्याला दमट हवा आणि ओलसर आंबट माती लागते, आणि आपल्याकडं काळी चुनखडीची जमीन नि कोरडी झळ. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "मॅडम काही होत नाही, दोन टाइम पाणी घाला." दोन टाइम! उन्हाळ्यात नळाला पाणी येतंय किती दिवसाआड हे त्याला माहीत नाही का, तो काय पुण्यात राहतो?

अनंताचं पण तसंच. रोपं हिरवीगार, कळ्यांनी भरलेली, पण ती कोकोपीटमध्ये शेडनेटखाली वाढलेली. घरी आणून चुनखडीच्या मातीत लावली आणि बोअरचं जड पाणी घातलं की पानं पिवळी पडायला लागतात, फक्त शिरा हिरव्या. लोह मातीत असतं पण अशा मातीत मुळाला ते घेता येत नाही. लोक मग हिराकस, म्हणजे लोहाचं मीठ, टाकतात, ते चुनखडीच्या जमिनीत लगेच निकामी होतं, ईडीडीएचएवालं चिलेटेड आयर्न, म्हणजे चुनखडीतही मुळाला घेता येईल असं लोह, लागतं आणि ते काय स्वस्त नसतंय. अनंत पाहिजेच असेल तर कुंडीत लावा, दुपारची सावली द्या आणि जमलं तर साठवलेलं पावसाचं पाणी द्या. जमिनीत नको.

पांढरा कांचन पुढच्या रांगेतच मिळतो, आणि पुढची ही एकच वस्तू मी बिनधास्त घ्या म्हणेन, फक्त बुटका कांचन आहे ना हे विचारून घ्या. तो आठ-दहा फुटांच्या वर फारसा जात नाही, कडक उन्हात फुलतो, छोट्या प्लॉटला एकदम बरोबर, वास मात्र नाहीच्या बरोबर. दुसरा जो मोठा होणारा कांचन, त्याची पांढरी जात बियांपासून केलेली असली तर फूल जांभळट निघू शकतं आणि ते कळायला काही वर्षं जातात. तो घ्यायचा तर फूल अंगावर असतानाच घ्या.

खरी नर्सरी सुरू होते शेडनेटच्या पलीकडं. तिथं मामा स्वतः असतात, रोपं उघड्या उन्हात, काही पिशव्यांवर नावाची चिठ्ठी पण नाही, विचारावं लागतं. मी कवठी चाफ्याची चौकशी केली तर म्हणाले, "ताई, तो पुढं विकायला ठेवलाय, लावायला नाही." स्वतःच्या दुकानाबद्दल असं बोलणारा माणूस मी तरी पहिल्यांदा बघितला. मग ते पुढं का ठेवलंय असं विचारलं तर हसले फक्त. याच कारणासाठी दीड मार्क कापलाय, कारण नवीन माणूस मागं येतच नाही, पुढच्या पुढं बाराशे देऊन जातो.

मागं काय काय आहे तर मेडशिंगी. हे झाड आपल्या दख्खनच्या कोरड्या माळावरचं, मुरमाड जमिनीत निघतं, उन्हाळ्यात पांढरी कर्ण्याच्या आकाराची सुवासिक फुलं येतात आणि नंतर मेंढ्याच्या शिंगासारख्या वळलेल्या शेंगा. पहिली दोन वर्षं सांभाळलं की नंतर टँकरची काळजी नाही. साठ रुपयाला रोप, आणि लोक घेत नाहीत कारण ते पिशवीत असताना अगदी काडीसारखं दिसतं. त्याच्याच शेजारी काळा कुडा, पानगळीनंतर नव्या पालवीबरोबर पांढऱ्या फुलांचे झुपके, आणि शेंगा जोडीनं लोंबणाऱ्या, टोकाला एकमेकींना चिकटलेल्या. कर्नाटकातली चन्नपट्टणची रंगीत लाकडी खेळणी याच झाडाच्या लाकडाची असतात. आपल्याकडं विजापूरकडून येणारी-जाणारी एवढी माणसं, पण बागेत हे झाड लावलेलं मी तरी फार कुणाकडं बघितलं नाही.

वायवर्ण पण मिळाला. फुलं पांढरी उमलतात आणि जुनी होता होता पिवळी पडतात, त्यामुळं एकाच झुपक्यात दोन्ही रंग दिसतात, लांब पुंकेसर बाहेर आलेले. पान बेलासारखं तीन दलांचं असल्यामुळं आमच्या सासूबाई आधी बेल म्हणूनच खूश झाल्या. कोवळ्या पानांची भाजी करतात, पण आपल्याकडं कुणी केलेली मला माहीत नाही. हा मूळचा ओढ्याकाठचा आहे, तेव्हा मोरीचं किंवा धुण्याचं पाणी जिथं जातं तिथं लावा, मेडशिंगीसारखा कोरड्यात सोडू नका.

बूच मात्र विचार करून घ्या. पावसाळा संपता संपता रात्री फुलं पडायला लागतात, सकाळी अंगण पांढरं, वास असा की गल्लीतून जाणारा माणूस थांबतो. पण झाड उंच जातं, लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात, आणि मुळांपासून धुमारे फुटून शेजारच्या हद्दीत निघतात. मामांनी आधी प्लॉट केवढा विचारलं, मी तीस बाय चाळीस सांगितल्यावर रोप परत जागेवर ठेवलं. गिऱ्हाईकाच्या हातातलं रोप काढून घेणं हे मला आवडलं, खरंच.

तीस बाय चाळीसवाल्यांसाठी त्यांचं उत्तर चाफा आणि पारिजातक. चाफा गोल टोकाच्या पानांचा घ्या, तो वासाचा. नागाच्या फणीसारखं पान असलेला जो हल्ली सगळ्या हॉटेलांच्या दारात दिसतो तो जवळजवळ वर्षभर फुलतो पण वास नाही. मामा चाफ्याची फांदीच देतात, वीस रुपयाला. कापलेल्या टोकाचा चीक वाळेपर्यंत सावलीत आठवडाभर पडू द्यायची, मगच खोचायची, नाहीतर सडते. काळ्या मातीत खड्डा करून लावू नका, मुरूम-वाळू मिसळून उंचवटा करा. पावसाळ्यात पानाच्या मागं नारिंगी पावडर दिसली तर तो तांबेरा, पानं तोडून टाकायची, झाडाला विशेष काही होत नाही. पारिजातकाला पण साचलेलं पाणी चालत नाही, सकाळचं ऊन नि दुपारची थोडी सावली मिळाली तर खूश असतो, केसाळ सुरवंट मात्र येतात, तेव्हा खिडकीला खेटून नको.

तक्रारी अजून दोन. पुढच्या मोठ्या बॅगांतली झाडं बरेच दिवस पडून असतात, मुळं आत गोल गोल फिरलेली, काही तर पिशवी फाडून जमिनीत घुसलेली, उचलताना तटकन तुटतात. घेण्याआधी पिशवी हलवून बघा आणि तळ बघा, पोरगा तोंड वाकडं करेल तर करू दे. आणि मेलेलं रोप बदलून मिळत नाही, पाचव्या दिवशी गेलं तरी नाही.

लावायची वेळ सगळे जून सांगतात, मामांचं म्हणणं वेगळं आहे आणि मला पटलं. आपला भाग पर्जन्यछायेतला, मृगाचा भरवसा नाही, खरा पाऊस सप्टेंबरचा. म्हणून खड्डा मेमध्ये काढून तापू द्यायचा, दोन फूट लांब-रुंद-खोल, शेणखत आणि निंबोळी पेंड घालून भरायचा, आणि रोप ऑगस्टच्या शेवटाला लावायचं म्हणजे परतीच्या पावसात मूळ धरतं आणि पुढं थंडीचे महिने हाताशी राहतात. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडल्या की कोवळी मुळं तुटतात, त्यामुळं फेब्रुवारीतच आळ्यात उसाचं पाचट जाड अंथरायचं. एवढ्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात पाचटाला काय तोटा. फक्त खोडाला चिकटवू नका, वाळवी येते.

छोट्या हत्तीनं घरपोच देतात, जुळे सोलापूरला दीडशे रुपये घेतले. पेमेंट स्कॅनरवर होतं पण मागच्या रोपांचे पैसे मामा रोखच घेतात, सुट्टे ठेवा. सकाळी अकराच्या आत जा, नंतर मामा जेवायला घरी जातात आणि तो पोरगा मागचं फाटक उघडत नाही. बकुळ सध्या संपलीय, दिवाळीनंतर येईल म्हणालेत.