राइप ॲटलस प्रोब, सात महिन्यांनंतर: पहाटे पावणेतीनला जुगाराची साइट कोण शोधतंय?

आधी एक कबुली देतो. हा रिव्ह्यू मी दोन महिन्यांपूर्वीच लिहायला घेतला होता आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, "फुकट मिळतंय म्हणून काहीही घरात आणू नये." मसुदा रागाच्या भरातला होता. आता राग उतरलाय, निदान त्या डबीवरचा तरी.

डबी म्हणजे राइप ॲटलस या प्रकल्पाचा तिसऱ्या पिढीचा प्रोब, इंटरनेट कुठे कसं चालतंय ते घरात बसून मोजणारं छोटं यंत्र. ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगायला नको: टीपी-लिंकचा तो ३०२० नावाचा चिमुकला राउटर, आतलं फर्मवेअर बदललेलं आणि बाजूला खोचलेला पेन ड्राइव्ह. इंटरनेटचे पत्ते वाटणाऱ्या ॲमस्टरडॅमच्या राइप एनसीसी या संस्थेनं २०१० साली हा उद्योग सुरू केला आणि आज जगभरात दहा हजारांहून जास्त प्रोब लोकांच्या घरात, ऑफिसात, कॉलेजांत बसून इंटरनेटची नाडी बघत असतात. आमचा पुण्याचा. कॅनडाला निघालेल्या मित्रानं घर आवरताना हातात ठेवला, "फेकू नकोस, चालू ठेव" म्हणाला. खात्यावर नाव बदलून घेतलं आणि नंबर लक्षात राहावा म्हणून पाच आकडी प्रोब क्रमांक मार्करनं डबीच्या पाठीवर लिहून ठेवला. हा मार्कर पुढे महत्त्वाचा आहे.

चार्जर नव्हता. याला लागते ती मिनी-यूएसबी वायर आता कुणाच्या घरात असते? माळ्यावर जुन्या कॅमेऱ्याच्या पिशवीत सापडली. दुसरं टोक सरळ राउटरच्या यूएसबीत खोचलं, म्हणजे नवा ॲडॉप्टर नको. मधे मीटर लावून बघितलं तर दीड वॅटच्या आसपास, म्हणजे महिन्याला साधारण एक युनिट. एवढं परवडतं. पहिले तीन महिने मी त्याला विसरूनच गेलो होतो आणि माझ्या मते अशा वस्तूला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक नाही.

आमच्याकडे जुन्या रास्पबेरी पायवर, म्हणजे तळहाताएवढ्या संगणकावर, पाय-होल हे जाहिराती गाळणारं सॉफ्टवेअर चालतं. घरातल्या प्रत्येक उपकरणानं कुठल्या साइटच्या नावाची चौकशी केली, म्हणजे डीएनएसला तिचा पत्ता विचारला, ते त्याच्या लॉगमध्ये उमटतं. रविवारी चहाबरोबर तो लॉग चाळायची मला सवय आहे. बायको त्याला "यांचं पेपर वाचणं चाललंय" म्हणते. तर एका रविवारी त्या पेपरात बातमी होती. पहाटे २ वाजून ४३ मिनिटांनी एका जुगाराच्या साइटची चौकशी. अर्ध्या तासानं पुन्हा तीच. मग कुठल्यातरी परदेशी वर्तमानपत्राची. मग एक नाव जे इथे लिहिण्यासारखं नाही. आणि अधूनमधून असली नावं की मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी. क्लायंटच्या रकान्यात, प्रत्येक ओळीसमोर: "चिरंजीव-लॅपटॉप".

चिरंजीव बारावीला. उठवलं.

"पहाटे पावणेतीनला काय करत होतास?"

"झोपलो होतो."

"तू झोपला असशील. तुझा लॅपटॉप जागा होता."

मग मी बरंच काही बोललो, ते लिहीत नाही. शेवटपर्यंत शांतपणे ऐकून तो म्हणाला, "बाबा, लॅपटॉप कालपासून आत्याकडे राहिलाय. तुम्हीच म्हणालात ना, रविवारी जाऊन आणू?"

यावर उत्तर नसतं. त्यानंतर आठवडाभर त्यानं माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं, आणि आईनंही त्याचीच बाजू घेतली.

झालं होतं ते असं. पुण्यात गुरुवारी लाइट जातात, त्या गुरुवारीही गेले. परत आल्यावर राउटरनं घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कमधले क्रमांक, नव्यानं वाटले आणि शेवटी १४ असलेला पत्ता, जो आधी लॅपटॉपकडे होता, तो प्रोबकडे गेला. पाय-होलमध्ये नाव मी उपकरणाला दिलं नव्हतं, पत्त्याला दिलं होतं. भाडेकरू बदलला, दारावरची पाटी तीच राहिली. हा गाढवपणा सर्वस्वी माझा. मॅक पत्त्यावरून, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकावरून, आयपी पत्ते पक्के करून ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे.

पण मग प्रोब पहाटे जुगाराच्या साइटला का शोधतोय? माझा पहिला अंदाज: हॅक झालाय. वायर काढली, चौकशा बंद. लावली, पुन्हा सुरू. वायफायचा पासवर्ड बदलला, ज्याचा काही संबंध नव्हता, कारण प्रोब केबलवर आहे. नव्या पासवर्डमुळे बायकोचा फोन, टीव्ही आणि सासूबाईंचा टॅब तेवढे बंद पडले.

उलगडा झाला तो मांजराच्या नावांमधून. एक लांबलचक नाव होतं, टिंबांनी तोडलेलं: आधी काहीतरी अगम्य अक्षरं, मग पाच आकडी संख्या, मग १७ नं सुरू होणारी दहा आकडी संख्या. पाच आकडे कुठेतरी पाहिल्यासारखे वाटले. डबी उलटी केली. माझ्याच अक्षरात, मार्करनं, तोच क्रमांक. दहा आकडे म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. वेळेत बदलून बघितले तर लॉगमधलं तेच मिनिट. म्हणजे ती चौकशी स्वतःची ओळख आणि वेळ अंगावर लिहूनच बाहेर पडत होती. चोर पाकिटावर आपला पत्ता लिहीत नाही.

मग कागदपत्रं वाचली, जी प्रोब लावायच्या आधी वाचायची असतात. प्रोब दोन प्रकारची कामं करतो. एक, ठरलेली, सगळ्या प्रोबना सारखी. दुसरी, इतर वापरकर्त्यांनी सांगितलेली. आपला प्रोब चालू राहिला की आपल्याला क्रेडिट मिळतात आणि ते मोडून आपण दुसऱ्यांच्या प्रोबना पिंग (यंत्र उत्तर देतं का), ट्रेसराउट (तिथवरचा रस्ता कोणता), डीएनएस (नावाचा पत्ता काय) असली कामं लावू शकतो. डीएनएसच्या कामात एक पर्याय असतो: प्रोबच्या घरचा जो रिझॉल्व्हर, म्हणजे नावाचा पत्ता शोधून देणारा, असेल, त्यालाच विचार. पिंग आणि ट्रेसराउटमध्येही नावाचा पत्ता प्रोबवरच शोधायला सांगता येतं. या दोन वाटांनी आलेल्या चौकशा माझ्या पाय-होलवर उमटत होत्या. नावात क्रमांक, वेळ आणि रँडम अक्षरं घालायची सोय मुद्दाम दिलेली आहे, म्हणजे कुठल्याही कॅशमधून, म्हणजे साठवलेल्या जुन्या उत्तरांतून, शिळं उत्तर येत नाही आणि कुठल्या प्रोबनं कधी विचारलं ते समोरच्या सर्व्हरवर कळतं.

प्रोबच्या पानावर या कामांची यादीच असते. जुगाराची साइट तिथे सापडली, अर्ध्या तासाच्या अंतरानं, रीतसर मापन क्रमांकासकट. कुणीतरी जगभरच्या प्रोबना विचारत होतं की हे नाव तुमच्याकडे काय उत्तर देतं.

इथे माझं मत पहिल्यांदा हललं. २०१४ च्या मार्चमध्ये तुर्कस्तानात ट्विटर बंद केलं, तेव्हा लोकांनी गूगलच्या डीएनएसचा पत्ता, ८.८.८.८, भिंतींवर रंगवला होता. मग त्या पत्त्यावर जाणाऱ्या चौकशाच वाटेत अडवून खोटी उत्तरं द्यायला सुरुवात झाली. हे बाहेरच्या जगाला दिसलं त्यात तिथल्या घराघरांतल्या अशाच प्रोबचा हात होता. बंद केलेल्या साइटचं नाव विचारल्याशिवाय ती बंद आहे हे कळणार कसं? शिवाय प्रोब नाव विचारतो, दार वाजवतो, फार तर दारावरचं टीएलएस प्रमाणपत्र, म्हणजे साइटचं ओळखपत्र, वाचतो. आत शिरून पानं आणत नाही. एचटीटीपीची, म्हणजे पानं मागवायची, मापनं फक्त राइप ॲटलसच्याच अँकर नावाच्या मोठ्या यंत्रांकडे करता येतात.

तरी खटकतं ते खटकतंच. हे नाव चालेल, हे नको, असं निवडायची सोय होस्टला, म्हणजे प्रोब घरात ठेवणाऱ्याला, नाही. पंक्तीला बसलात तर वाढतील ते खायचं. माझ्या प्रोव्हायडरच्या दप्तरी ती चौकशी "प्रोब क्रमांक अमुक" म्हणून जात नाही, माझ्या जोडणीच्या नावानं जाते. सात महिन्यांत कुणी दार ठोठावलेलं नाही, हे खरं. पण ज्यांच्या घरी या गोष्टीवरून झोप उडेल, त्यांनी घेऊ नये. मी एक तारा याच्यासाठीच कापलाय.

आता दुसरं वळण, आणि याचीच मला जास्त लाज वाटते. लॉग पुन्हा चाळताना दिसलं की प्रोबच्या कितीतरी चौकशा लाल रंगात आहेत. म्हणजे पाय-होलनं अडवलेल्या. अडवलेल्या नावाला पाय-होल ०.०.०.० असं उत्तर देतं. चार महिने कुणीतरी संशोधक माझ्या प्रोबला विचारतोय, पुण्यात हे नाव उघडतं का, आणि माझी जाहिरात-गाळणी त्याला बिनदिक्कत सांगतेय, नाही. त्याच्या तक्त्यात पुण्याची एक जोडणी "सेन्सॉर" म्हणून लागली असेल, तर ते सरकारनं केलेलं नाही, प्रोव्हायडरनं केलेलं नाही, मी केलंय. पोरावर आळ घेणाऱ्या माणसाचं स्वतःचंच यंत्र सगळ्या जगाशी खोटं बोलत होतं.

यावर दोन उपाय आहेत. पाय-होलमध्ये वेगळा गट करून त्यात प्रोब टाकायचा आणि त्या गटाला एकही ब्लॉकलिस्ट लावायची नाही. मी आधी तेच केलं. नंतर राउटरमधूनच प्रोबला प्रोव्हायडरचा डीएनएस देऊन टाकला, कारण लोकांना माझ्या पाय-होलचं उत्तर नकोय, इथल्या सामान्य गिऱ्हाइकाला मिळतं ते हवंय. जुगार लॉगमधून गेला, रविवारचा पेपर पुन्हा मचूळ झाला.

बाकी एक गंमत टीसीपीडंप, म्हणजे नेटवर्कवरची सगळी ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम, लावला तेव्हा कळली. पाय-होलला दिसत होतं ते अगदीच थोडं. ए पासून एम पर्यंतच्या १३ रूट सर्व्हरांना, म्हणजे डीएनएसच्या सगळ्यात वरच्या पायरीवरच्या सर्व्हरांना, प्रोब थेट गाठतो, घरच्या रिझॉल्व्हरला न विचारता, आणि दर चार मिनिटांनी विचारतो, "तू नक्की कोण?" एकाच पत्त्यावर जगभर अनेक यंत्रं बसलेली असल्यामुळे तो प्रश्न रास्त आहे.

गणपतीच्या आधी प्रोब मेला. परत गुरुवार, परत लाइट, आणि आल्यावर पानावर "डिस्कनेक्टेड". तिसऱ्या पिढीवाल्यांना हे दुखणं ओळखीचं आहे: पेन ड्राइव्ह. लाइट असे हिसके देत जाणार असतील तर तो किती टिकणार? उपाय ठरलेला आहे. ड्राइव्ह काढा, प्रोब नुसता चालू करा, दहा मिनिटं थांबा, मग ड्राइव्ह परत खोचा. मला दोनदा करावं लागलं. पण अडकलेला प्रोब गप्प बसत नाही, डीएनएसमधूनच हाका मारतो: स्वतःचा मॅक पत्ता गुंफलेलं एक नाव, मधे "एसओएस", शेवटी ॲटलसचं डोमेन. जोडणी झाली नाही तरी चौकशी पोचते आणि प्रोबच्या पानावर तिची नोंद दिसते, म्हणजे केबल ठीक आहे, आयपी मिळालाय, घोटाळा पुढे आहे हे कळतं. महिन्याभरापूर्वी असलं नाव दिसतं तर मी पुन्हा पासवर्ड बदलला असता.

क्रेडिटचा हिशेब: दिवसाला २१,६००. सात महिन्यांचे पंचेचाळीस लाखांच्या वर. यात वडापाव येत नाही. मी वापरले एकदाच. संध्याकाळी व्हिडिओ कॉल तुटायचे, प्रोव्हायडरचा माणूस दर वेळी "साहेब, राउटर रिस्टार्ट करा" म्हणायचा. मुंबईतल्या चार प्रोबना माझ्याकडे ट्रेसराउट लावला, तर दोघांचा रस्ता पुण्याला यायला सिंगापूरला जाऊन येत होता. तो निकाल ईमेलनं पाठवला. उत्तर आलं, राउटर रिस्टार्ट करून पाहिला का? अकरा दिवसांनी रस्ता आपोआप सरळ झाला, कुणी काही केल्याचं कबूल केलं नाही.

पाचपैकी चार तारे. प्रोब चालू आहे, डबी शू-रॅकच्या वर सरकवली आहे. चिरंजीव आता बोलतो. परवा त्यानं पाय-होलचा पासवर्ड मागितला, मी दिला. रविवारी लॉग उघडला तर प्रोबच्या पत्त्यासमोर पाटी बदललेली: "बाबांचा लॅपटॉप". मी अजून काढलेली नाही.