मंगलाष्टकं बाराला, हार तेराला: पायथॉनची तारीख-वेळेची मॉड्यूल्स आठ महिने वापरल्यावर

नागपूरच्या महाल भागातल्या एका फोटो स्टुडिओवाल्या भाऊंकडे नऊ वर्षांच्या लग्नांचे फोटो साठले होते. थोडे जुन्या विंडोजच्या हार्ड डिस्कवर, थोडे कॅमेऱ्याच्या कार्डांवर, अन् बहुतेक झिप करून ठेवलेले. सगळे लिनक्स सर्व्हरवर तारीखवार लावून द्यायचे, एवढंच काम. मी म्हटलं, पंधरा दिवसांत देतो. त्याला आता आठ महिने झाले. या काळात पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची डेटटाइम (तारीख-वेळ), झोनइन्फो (कुठल्या गावची वेळ ते) आणि झिपफाइल (झिप उघडणं) ही मॉड्यूल्स, म्हणजे तयार कोडचे संच, जवळपास रोज हाताळली. माझ्याकडून पाचपैकी चार तारे, आणि कापलेला एक तारा झिपफाइलच्या खात्यात.

पहिली खेप दिली, दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "भाऊ, मंगलाष्टकं बारा तारखेला अन् हार तेरा तारखेला घातले का जी?"

गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. नागपुरात मार्चमध्ये सूर्य मावळतो साडेसहाच्या आसपास, आणि माझ्या कोडची मध्यरात्र नेमकी साडेसहालाच होत होती. त्यामुळे आंतरपाट एका फोल्डरात, वरमाला दुसऱ्या.

हे का झालं ते आकड्यांवरून दाखवतो. झिपमध्ये तारीख आजही डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या, जमान्यातल्या पद्धतीनं बसते, 16 बिटांत तारीख आणि 16 बिटांत वेळ. त्या वरमालेच्या फोटोचे आकडे होते 22636 आणि 38195. पहिल्याला 512 ने भागलं की 44, त्यात 1980 मिळवले की 2024. बाकी उरते 108. तिला 32 ने भागलं की 3, म्हणजे मार्च, आणि शेवटी उरले 12. वेळेचंही तसंच: 2048 ने भागून 18 तास, बाकीला 32 ने भागून 41 मिनिटं, उरले 19. ते दुप्पट केले की 38 सेकंद. सेकंदांच्या वाट्याला पाचच बिट येतात, म्हणून मोजणी दोन-दोन सेकंदांनी. एका सेकंदात चार फोटो काढणाऱ्या माणसाला हे कसं समजावणार? क्रम शेवटी फाइलच्या नावावरूनच लावला.

पण 18:41:38 हे कुठल्या गावचे? त्या 32 बिटांत याचं उत्तरच नाही. ज्या संगणकावर झिप बनली, त्याच्या घड्याळाचे. सर्व्हर होता युटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाण वेळेवर. मी ती वेळ जशीच्या तशी त्याच्या हाती दिली, त्यानं ती युटीसी समजून घेतली आणि वर आपले 19800 सेकंद, म्हणजे साडेपाच तास, चढले. झाली तेरा तारीख, रात्री 12 वाजून 11 मिनिटं. चूक शंभर टक्के माझी. झोनइन्फोनं 'आशिया/कोलकाता' चिकटवून मग युटीसीत नेलं की प्रश्न मिटतो, एका ओळीचं काम आहे.

आता कापलेला तारा. झिपफाइलनं सगळं उघडलं की फाइलींवर मूळ तारीख चढत नाही, उघडल्या क्षणाची चढते. मला हे कळलं चाळीसेक झिपा उघडून झाल्यावर. प्रत्येक नोंदीची तारीख वाचून युटाइमनं (फाइलची तारीख बदलणारं फंक्शन) आपणच परत लावायची. शिवाय काही झिपांमध्ये एका जास्तीच्या रकान्यात युनिक्स वेळ, म्हणजे 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद, चोख युटीसीत, ठेवलेली असते. झिपफाइल त्याचा अर्थ लावत नाही, कच्चे बाइट हातात देऊन मोकळी होते. ते फोडायला वीस ओळी लिहिल्या. इतक्या वर्षांत हे आत यायला काय हरकत होती?

एनटीएफएसच्या (विंडोजची फाइल साठवायची पद्धत) डिस्का त्या मानानं गुणी निघाल्या, कारण तिथे वेळ युटीसीतच असते. मात्र मोजणी 1 जानेवारी 1601 पासून आणि एकक 100 नॅनोसेकंद. तीच वरमाला तिथे 133547226980000000 अशी दिसते. एक कोटीनं भागा, 11644473600 (1601 ते 1970 मधले सेकंद) वजा करा, युनिक्स वेळ तयार. फक्त भागाकार पूर्णांकातच करा. मी साधा भागाकार केला आणि शेपटीचे अंक गडबडले. डेटटाइम तर मायक्रोसेकंदाच्या खाली जातच नाही, म्हणजे सातवा अंक गेलाच. परिणाम असा की रात्रीच्या बॅकअपला हजारो फोटो रोज 'बदललेले' वाटायचे, अन् तो बिचारा रोज सगळे नव्यानं उचलायचा. नॅनोसेकंदाचा पूर्णांक थेट युटाइमला दिला तेव्हा तो शांत झाला.

झोनइन्फो 3.9 आवृत्तीपासून पायथॉनसोबतच येतं, पण विंडोजवर टीझेडडेटा (गावोगावच्या वेळांची यादी) वेगळं टाकावं लागतं. भाऊंच्या काउंटरवरच्या पीसीवर पहिल्याच दिवशी त्यावरून अडलं. आधी मी पायटीझेड हे याच कामाचं जुनं मॉड्यूल वापरत होतो. ते डेटटाइमला थेट जोडलं तर कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ लागते, 5 तास 53 मिनिटं. तेवीस मिनिटांचा हा फरक कुठून आला ते शोधण्यात माझी एक दुपार गेली. (रेखांशानं पाहिलं तर आपल्या नागपुरातल्या झिरो माइलची वेळ 5 तास 16 मिनिटांच्या आसपास भरते. त्या हिशेबानं दोन्हीकडून गेलो.) बुकिंगच्या एक्सेल शीटनं मात्र त्रास दिला नाही. तिथे त्या लग्नाची तारीख 45363 अशी दिवसांच्या आकड्यात असते, त्यातून 25569 वजा केले की 1970 पासूनचे दिवस मिळतात.

आता प्रत्येक फाइलसोबत मी मूळ कच्चा आकडा आणि तो कुठल्या घड्याळाचा मानला हे दोन्ही एका तक्त्यात ठेवतो. दोनदा सगळं उलटं फिरवावं लागलं, दोन्ही वेळा त्याच तक्त्यानं वाचवलं.

एक लग्न अजून अडलंय. दोन कॅमेरे होते आणि त्यातल्या एकाचं घड्याळच पुढे. एका फोटोत हॉलच्या भिंतीवरचं घड्याळ सापडलं, त्यात 7:05, आणि कॅमेरा म्हणतो 8:17. मी खुशीत 72 मिनिटं वजा केली अन् भाऊंना दाखवलं. ते म्हणाले, "त्या हॉलचं घड्याळ तर दहा मिनिटं पुढेच असते जी."