हाडातून ऐकवणारा सॉफ्टबँड: दीड वर्ष वापरल्यावर

माझ्या मुलाला हंटर सिंड्रोम आहे, म्हणजे एमपीएस २. आता ६ वर्षांचा आहे. सॉफ्टबँड दीड वर्ष झालं वापरतोय. लिहायचं कधीचं मनात होतं, कारण ऐकण्याचं मशीन घेताना या आजाराच्या हिशोबाने मला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

आधी कानामागचं नेहमीचं मशीन होतं. मशीन वाईट नव्हतं पण आमच्यासाठी चुकीचं होतं. या मुलांच्या शरीरात एक एन्झाइम नसतं त्यामुळे जीएजी नावाचे पदार्थ मोडले जात नाहीत, सगळीकडे साठत राहतात, अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) मोठे, टॉन्सिल मोठे, कान आणि घशाला जोडणारी नळी नीट उघडत नाही आणि पडद्यामागे चिकट पाणी साचून राहतं. त्याचा टिम्पॅनोमेट्रीचा, म्हणजे कानाचा पडदा हलतो का ते बघण्याच्या तपासणीचा, आलेख प्रत्येक वेळी सपाट. त्यात कान सारखा वाहायचा, कान वाहतोय म्हणजे मोल्ड (मशीनचा कानात बसणारा साचा) घालायचा नाही, म्हणजे महिन्यातले पंधरा दिवस मशीन डबीत आणि पोरगं पुन्हा शांततेत. ज्यांनी ते मशीन दिलं त्यांना आजाराचं नाव सांगितलं होतं, रिपोर्ट दाखवले होते, तरी हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही याचा मला आजही राग येतो.

सॉफ्टबँड म्हणजे डोक्याभोवती इलॅस्टिकचा पट्टा आणि त्यावर छोटा प्रोसेसर, तो कानामागच्या हाडाला टेकतो आणि आवाजाची थरथर हाडातून सरळ आतल्या कानाला पोचते. कानात काहीच घालायचं नाही. पाणी असो, कान वाहो, मशीन चालूच. आमच्यासाठी हा एकच मुद्दा बाकी सगळ्यावर भारी आहे.

फरक काय पडला? आधी त्याला काही सांगायचं असलं की दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवायचा. आम्हाला वाटायचं लाडाने करतो. पट्टा लावल्यावर आठ-दहा दिवसांत ते बंद झालं, मी पाठमोरी असताना हाक मारायला लागला. तेव्हा कळलं की तो माझे ओठ बघत होता. जन्मल्यावरची ओएई टेस्ट, म्हणजे बाळाच्या कानाची तपासणी, पास होती म्हणून कान ठीक आहेत असंच धरून बसलो होतो, आणि हायपर आहे, ऐकत नाही, हे सगळं आजाराच्या खात्यात टाकत होतो. थोडं आजाराचं असेलही पण बरंचसं ऐकू न येण्याचं होतं.

आता त्रासाचं. कातडीमधून जाताना वरच्या पट्टीचे आवाज कमी होतात, त्यामुळे स आणि श अजून नीट पकडत नाही, बस ला नुसतं ब म्हणतो. एकाच बाजूला मशीन असेल तर आवाज कुठून आला ते कळत नाही, हाक मारली की भलतीकडे बघतो. गाडीत डोकं मागे टेकलं की शिट्टी वाजते. या मुलांचं डोकं मोठं असतं, तेव्हा वयाप्रमाणे पट्टा घेऊ नका, मोजून घ्या, आमचा पहिला इतका घट्ट होता की कपाळावर वळ उठायचे. आणि बोटं आखडलेली असतात ना, बॅटरीचं बारीक झाकण त्याला स्वतःला कधीच जमणार नाही. तशी बॅटरी मुलांच्या हाती लागूच नये, कुलूपवालं झाकणच मागा. डोक्यात शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढणारी नळी) असेल तर घेण्याआधी सर्जनला विचारा, यात लोहचुंबक असतं.

ग्रोमेटबद्दल, म्हणजे पाणी निघावं म्हणून पडद्यात बसवतात त्या बारीक नळीबद्दल, लोक विचारतात. आम्हीही घातले, पण यांची श्वासनलिका अरुंद आणि मान नाजूक, भूल देणं जोखमीचं, म्हणून अ‍ॅडेनॉइड, ग्रोमेट आणि बेरा टेस्ट (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतो ते बघणारी) सगळं एकाच भुलीत उरकलं. तुम्हीही आधीच विचारून ठेवा, नाहीतर प्रत्येक डॉक्टर वेगळी तारीख देतो.

अजून एक, एन्झाइमचं इंजेक्शन दर आठवड्याला चालू आहे म्हणून कान सुधारतील असं धरू नका. पडद्यामागचं पाणी हा एक भाग झाला, पुढे पुढे आतला कानही कमजोर होऊ शकतो, आणि तो जास्त गेला की हा पट्टा पुरत नाही. म्हणून दर ६ महिन्यांनी हाडातून आणि हवेतून अशी दोन्ही प्रकारे ऐकण्याची तपासणी करून सेटिंग बदलून घेतो. गेल्या वेळी आलेखावरची हाडाची रेघ थोडी खाली आली होती, म्हणजे आतला कान थोडा कमी झाला होता. मशीन अजून पुरतंय.

पाचपैकी चार. एक कापला तो स आणि श साठी.